आश्रित खारींची नोंद

"रकाना रिकामा ठेवायचा नाही, बाळा. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'नाही' असं लिही. पण रिकामा ठेवू नकोस."

हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. आवाजाचे धनी, म्हणजे मामांचे पहिले हेडक्लार्क, आधी नोकरीच्या आणि मग जगाच्याही हजेरीपटावरून रीतसर कमी झाले होते. आवाज मात्र मामांच्या उजव्या कानामागे, पेन्सिल खोचायच्या जागी, कायमचा राहायला आला होता. एरवी तो झोपलेला असे. छापील कागद समोर आला, की उठून बसे.

मामांना सगळी गल्ली शिक्केमामा म्हणे. चौतीस वर्षं त्यांनी एका कार्यालयाच्या आवक टेबलावर बसून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कागद योग्य टेबलाकडे पाठवला. योग्य टेबलावर त्या कागदाचं पुढे काय झालं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. तो त्यांचा विषय नव्हता. निवृत्तीनंतरही हाताला चैन पडेना. घरात येणारं प्रत्येक चिटोरं डाव्या कोपऱ्यात तारीख पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मामींनी एकदा 'दूध संपलंय' अशी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली होती. संध्याकाळी चिठ्ठीवर 'पाहिले' असा शेरा होता. दूध नव्हतं.

तर अशा या मामांच्या घरी, वरच्या खोलीच्या छतात, खारी राहायला आल्या.

वळचणीच्या फळीला एका टोकाशी मुठीएवढं भोक पडलं होतं. त्यातून आधी एक शेपटी आत गेली, मग दुसरी. फळ्या आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत त्यांनी संसार मांडला. सकाळ झाली की खरखर, दुपार झाली की कुरकुर, ऊन उतरलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती पळापळ, जशी काही वर कुणाच्या लग्नाची घाई चालली आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी दाराच्या घंटीची तार कुरतडली. दुसऱ्या आठवड्यात खिडकीच्या चौकटीला कडेनं अशी नक्षी काढली की सुतारानं बिल पाठवलं असतं. मग त्या पलंगावरच्या गादीकडे वळल्या आणि कोपऱ्याची शिवण उसवून कापूस नेऊ लागल्या. तोंडात कापसाचा बोळा धरून फळीवरून जाणारी खार मामींनी स्वतः पाहिली. म्हणाल्या, म्हातारा दाढी घेऊन पळतोय असं वाटलं.

एरवी मामींनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण ती खोली लेकीची होती, आणि लेक यायची होती.

लेकीचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या शहरात आपल्या पसंतीनं घर थाटलं. तिनं तसं पत्र पाठवलं होतं. पण ते कळवणारं पत्र होतं, विचारणारं नव्हतं, आणि हा फरक मामांच्या मनाला फार लागला. त्यांनी पत्रावर आवक क्रमांक घातला, 'नोंद घेतली, दप्तरी ठेवावे' असा शेरा मारला आणि पत्र दप्तरी ठेवलं. तेव्हापासून बाप आणि लेक यांच्यातला व्यवहार मामींमार्फत चाले. "तिला विचार, खोकला कसा आहे," असं मामा सांगत, आणि पलीकडून "त्यांना सांग, बरा आहे," असं उत्तर येई. मधल्या मध्ये मामींचं टपालखातं झालं होतं.

आता लेकीला बाळ झालं होतं, तीन महिन्यांचं. जावई वर्षभराच्या कामावर जहाजातून लांब गेला होता आणि भाड्याच्या घराची मुदत आठ आठवड्यांनी संपत होती. तिनं फोन केला आणि आईला विचारलं, "येऊ का?" मामींच्या ओठांवर 'ये' आलंच होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि फोन मामांच्या हातात दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा लेकीनं काही विचारलं होतं. उत्तर ज्याचं त्यानंच द्यावं, असं त्यांना वाटलं.

मामांनी फोन कानाला लावला. घसा खाकरला.

"खोलीचं बघतो," ते म्हणाले, आणि फोन परत दिला.

त्या दिवशी संध्याकाळी मामींनी सोपा उपाय सांगितला. भोकाला जाळी ठोकायची, गादी शिवून घ्यायची, पोरीला 'ये' म्हणून सांगायचं. मामांनी चष्मा पुसला. खार हा वन्य जीव आहे, त्यांनी समजावलं. वन्य जीवाला पकडता येत नाही, हुसकता येत नाही, भिववताही येत नाही. बागेच्या फाटकावर तसा फलक आहे आणि त्यावर कलमही छापलंय. जे काही करायचं ते कायद्यानं. मामी म्हणाल्या, कायदा त्या खारींना कुणी वाचून दाखवलाय का? मामांनी हा प्रश्न अप्रस्तुत ठरवला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता निवासी उपद्रव निवारण कक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. एकच खिडकी, खिडकीत एकच कारकून, आणि कारकुनापुढे सोललेलं संत्रं. एक फोड तोंडात, एक उत्तर बाहेर, असा त्याचा ठेका होता. सालींचे तुकडे तो खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवी, त्यामुळे किती अर्ज झाले ते रांगेत लांबूनही मोजता येई. त्यानं मामांना ओळखलं. पूर्वी तो मामांच्याच कार्यालयात उमेदवारी करून गेला होता. उठून नमस्कार केला, नमुना सात दिला आणि पुन्हा बसला.

नमुना सात चार पानांचा होता. असा सुरेख नमुना मामांनी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. रेघा सरळ, रकाने प्रशस्त, तळाशी बारीक अक्षरात 'माहिती दडवल्यास अर्जदार जबाबदार राहील' अशी समज. कट्ट्याला टेकून ते लिहू लागले आणि कानामागचा आवाज उठून बसला. नववा रकाना होता 'घरात सध्या राहणाऱ्यांची एकूण संख्या'. दुसरा कुणी असता तर 'दोन' लिहून मोकळा झाला असता. पण मामांनी विचार केला. घरात राहतात किती? आपण, मामी आणि त्या दोघी. तक्रारच मुळी अशी आहे की त्या घरात राहतात. राहत नाहीत म्हणावं तर तक्रार खोटी, राहतात म्हणावं तर मोजायला हव्यात. त्यांनी 'चार' लिहिलं. खाली तपशिलाचा तक्ता होता, तोही भरला: खार, अंदाजे प्रौढ; खार, अंदाजे प्रौढ. वास्तव्य कधीपासून? चालू महिन्याच्या दोन तारखेपासून, अखंड. कुटुंबप्रमुखाशी नातं? इथे लेखणी थोडी अडली. पण रिकामं ठेवायचं नाही म्हणून त्यांनी लिहिलं, 'काही नाही'.

कारकुनाचं बोट तिथेच थांबलं.

"मामा, 'काही नाही' यादीत नाही हो."

"पण खारींचं माझ्याशी नातं काही नाहीच."

"नसेल. पण यादी ठरलेली आहे. पती, पत्नी, अपत्य, पालक, आश्रित. यातलं एक निवडा."

मामांनी पाचही शब्द मनाशी लावून पाहिले. पहिले चार विचारही करण्याजोगे नव्हते. उरलं आश्रित. त्यांनी ते लिहिलं, शेजारी छोटी सही केली, आणि पोच घेऊन घरी आले. चौतीस वर्षांत अनेकांना पोच दिली. स्वतःला मिळाल्याचा आनंद निराळाच होता.

मामींनी पोच वाचली. "मी पस्तीस वर्षं या घरात राबतेय, मी कधी कुठल्या तक्त्यात चढले नाही. आणि त्या मेल्या कापूसचोर वीस दिवसांत आश्रित झाल्या," एवढंच म्हणाल्या आणि बाळासाठी पडदे शिवायला बसल्या.

आठवड्यानं कक्षाचं पत्र आलं. मजकूर असा की, अर्जदारानं आपल्या दोन आश्रितांना घराबाहेर काढण्याची परवानगी मागितली आहे. आश्रितांना म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय असं करता येत नाही. तरी सोबतची नोटीस संबंधितांना बजावून, मिळाल्याची पोच सात दिवसांत सादर करावी.

मामा शिडीवर चढले आणि त्यांनी नोटीस फळीला, खारींच्या नजरेला पडेल इतक्या उंचीवर, चार टाचण्यांनी लावली. मग खुर्ची टाकून खाली बसले. दुपारी खार आली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली. तिनं नोटीस वरपासून खालपर्यंत हुंगली, उजव्या कोपऱ्यातल्या शिक्क्याशी थोडी रेंगाळली, आणि मग एका बाजूनं फाडायला घेतली. पाच मिनिटांत नोटीस पट्ट्यापट्ट्यांनी भोकातून आत गेली. मामांनी खाली बसूनच अहवाल लिहिला: 'संबंधितांनी नोटीस स्वतः स्वीकारली, बारकाईनं पाहिली व घरगुती उपयोगात आणली.' कक्षानं तो अहवाल मान्य केला. म्हणणं मांडलं नाही म्हणजे त्यांचं म्हणणं आहे पण वेळ अपुरा मिळाला, असा अर्थ लावून दोन आठवडे मुदतवाढही दिली. मामांनी मागितली नव्हती. खारींनीही नव्हती.

रविवारी लेकीचा फोन आला. खोलीचं कुठवर आलं, असं तिनं आईकरवी विचारलं. मामांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, "प्रक्रियेत आहे म्हणावं."

चौथ्या आठवड्यात पाहणीदार आला. गोल चेहऱ्याचा, अंगानं भरलेला, पण पायांत मांजराची चाल. त्यानं जिन्याखालीच बूट काढले आणि कुजबुजत्या आवाजात विचारलं, आश्रित घरात आहेत का? मामांचाही आवाज आपोआप खाली आला. दोघं चवड्यांवर वर गेले. पाहणीदारानं स्टुलावर चढून एक फळी बोटभर सरकवली, आत बॅटरी मारली, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

आत चार पिल्लं होती. करंगळीएवढी, डोळे मिटलेली, एकमेकांच्या अंगावर पडलेली. खाली लेकीच्या गादीचा कापूस आणि वर, पांघरुणासारख्या, नोटिशीच्या पट्ट्या.

पाहणीदारानं वही काढली आणि आश्रितांची संख्या दोनाची सहा केली. मग नियम सांगितले; तेही कुजबुजत, जणू अंगाईच म्हणतोय. पिल्लांना अंगावर पाजणारी माता असल्यानं त्या खोलीत आता बारा आठवडे डागडुजी नाही. हातोडा नाही, खिळा नाही, रंगाचा वास नाही. नवीन माणसानं राहायला यायचं नाही. मातेला परकं वाटतं. शिवणयंत्र दुपारी बंद ठेवावं, ती तिची विश्रांतीची वेळ. आश्रित म्हटल्यावर पोषणाची जबाबदारी अर्थातच कुटुंबप्रमुखाची. काय देता खायला?

"काही नाही," मामा म्हणाले.

पाहणीदारानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मामा ओशाळले आणि म्हणाले, उद्यापासून शेंगदाणे ठेवतो.

मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पाहणीदाराला शांतपणे विचारलं, की माझीही मुलगी पाजणारी आहे, तिचं बाळ चार महिन्यांचं आहे, आणि ही खोली तिची आहे. तिला यातलं काय मिळेल? पाहणीदारानं वही चाळली. आपली सहानुभूती आहे, म्हणाला, पण मुलगी नोंदीत दिसत नाही. मामांनी तिची नोंद केलेली नाही.

हे मात्र खरं होतं. नवव्या रकान्यात खारी होत्या, लेक नव्हती. ती सध्या राहत नव्हती ना.

मामा दुसऱ्याच दिवशी रांगेत. आता त्यांना रांगेतली बरीच माणसं ओळखीची झाली होती. एक बाई शेजाऱ्याच्या झाडाची आपल्या अंगणात पडणारी सावली स्वीकारण्याची परवानगी मागत होत्या. एक गृहस्थ स्वतःच्याच गच्चीवर उभं राहण्याच्या दाखल्यासाठी अकरावी खेप घालत होते. सगळी भली, नेमस्त माणसं. डबे आणलेले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. मामांनी अतिरिक्त निवासीचा नमुना बारा भरला. एक प्रौढ, एक बालक. कारकुनानं संत्र्याची फोड तोंडात टाकली, जुनी नस्ती काढली, बेरीज केली आणि मान हलवली. मामांच्या घराची मंजूर क्षमता सहा. सध्या राहणारे आठ. घर भरून दोन वर. लेकीचं आणि बाळाचं नाव प्रतीक्षायादीत घालता येईल.

शिवाय बेरीज एकदा झाली म्हणजे ती झाली. आठवड्याच्या आत मामांना नव्या विषयाचं पत्र आलं: क्षमतेपेक्षा जास्त निवासी ठेवल्याबद्दल खुलासा. दोन निवासी तातडीनं कमी करावेत. पिल्लं अज्ञान असल्यानं कमी करता येणार नाहीत. माता कमी करता येणार नाही. पिता पाहणीच्या वेळी कामानिमित्त बाहेर होता. त्याच्या अपरोक्ष निर्णय घेणं न्यायाला धरून होणार नाही. यादीत उरलेल्या दोन नावांचा विचार व्हावा.

उरलेली दोन नावं मामांनी चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. एक त्यांचं होतं.

मामींनी पत्र हातात घेतलं. त्या आता रागावतील म्हणून मामा थोडे मागे सरकले. पण मामी हसल्याच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, पदर तोंडाला लावून, वरच्या मातेची विश्रांतीची वेळ सांभाळून. मग पाणी यायचं थांबलं नाही, तेव्हा मामांना कळेना की हे हसणंच चाललंय की दुसरं काही.

"तुम्ही तिला फक्त 'ये' म्हणा हो," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढंच म्हणा. बाकीचं मी बघते, घर भरू दे नाहीतर उतू जाऊ दे."

मामा म्हणाले, खुलाशाला मुदत मागितली पाहिजे.

आणि मग एक दिवस, सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळ झाली आणि खरखर नाही. दुपार झाली आणि कुरकुर नाही. ऊन उतरलं, तरी छत गप्प. दोन दिवस वाट पाहून मामी शिडीवर चढल्या आणि त्यांनी फळी सरकवली. कापूस होता, पट्ट्या होत्या, शेंगदाण्यांची टरफलं होती. खारी नव्हत्या. पिल्लांना शेपट्या फुटल्या, उड्या जमल्या, आणि सगळं बिऱ्हाड समोरच्या झाडावर गेलं. कुणाला न विचारता. कळवलंसुद्धा नाही.

मामींनी भराभरा खोली झाडली, गादीत नवा कापूस भरला, पडदे लावले. खिडकी उघडताच झाडावरून चिरचिर ऐकू आली, मामींनी तिकडे हात केला. मामा मात्र कागद घेऊन कक्षाकडे निघाले, कारण खोली रिकामी झाली होती ती नुसती डोळ्यांना. नोंदीत ती भरलेली होती.

कारकुनानं सांगितलं, आश्रित गेले असतील तर आनंदच आहे. फक्त त्यांनी स्वखुशीनं घर सोडल्याचं निवेदन हवं, सहीनिशी किंवा पंजाच्या ठशासह. तसं निवेदन न मिळाल्यास बारा महिने वाट पाहून नावं आपोआप कमी होतात. तोवर घर भरलेलं. मामांनी तीन दिवस झाडाखाली उभं राहून काढले, एका हातात शाईचा पॅड, दुसऱ्या हातात शेंगदाणे. शेंगदाणे संपले.

आठव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, फाटकापाशी टॅक्सी थांबली. लेक उतरली. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या खांद्यावर बाळ, आणि मागे एक पेटी. कुणी 'ये' म्हटलं नव्हतं; पण भाड्याच्या घराची मुदत संपली होती आणि मुदती कुणाच्या म्हणण्यासाठी थांबत नाहीत. मामी धावल्या. बाळ आजीच्या हातात गेलं आणि तिच्या बांगडीशी खेळू लागलं.

मामा दारात उभे होते. तीन वर्षांनी लेक समोर. ती बारीक झाली होती. पायांतल्या बुटांना दोन वेगळ्या रंगांच्या नाड्या होत्या. घाईत निघाली असणार. मामांना पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, "जरा व्हरांड्यात बस. परवानगी बहुतेक आजच होईल."

व्हरांडा क्षमतेत धरत नाहीत, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

लेकीनं एकदा वर पाहिलं. तिच्या खोलीची खिडकी उघडी होती, नवा पडदा वाऱ्यावर हलत होता, आत चिटपाखरू नव्हतं. पेटी व्हरांड्याच्या कडेला ठेवून ती पेटीवर बसली. मामी मात्र बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यातलं निम्मं बाळासमोर बोलायला नको होतं. मामांनी ते सगळं खाली मान घालून ऐकलं आणि म्हणाले, की नमुना बारासाठी अतिरिक्त निवासींची प्रत्यक्ष हजेरी लागते. दोघांना घेऊन जातो. तासाभरात येतो.

रांग जिन्यापर्यंत आली होती. मामा पुढे, हातात नस्ती. मागे लेक, खांद्यावर झोपलेलं बाळ. सावलीवाल्या बाईंनी बाळाकडे पाहून मान डोलावली. गच्चीवाल्या गृहस्थांनी आपली जागा देऊ केली, पण मामांनी नम्रपणे नाकारली. रांग ती रांग. पाऊण तासानं खिडकी आली. कट्ट्यावर सालींची ओळ लांबली होती.

कारकुनानं नस्ती उघडली. "अतिरिक्त निवासी हजर?"

"हजर," मामा म्हणाले आणि बाजूला झाले.

कारकुनानं वर पाहिलं. बाळ जागं होऊन त्याच्याचकडे बघत होतं. बाळानं खिडकीच्या गजातून हात आत घातला, कट्ट्यावरची एक साल उचलली आणि तोंडात घातली. तोंड वाकडं केलं. तरी सोडली नाही. कारकुनानं साल हळूच काढून घेतली आणि हात पुसले. पेन उचललं, खाली ठेवलं.

"मामा, तुम्ही माझे साहेब होतात," तो म्हणाला. "म्हणून इतके दिवस बोललो नाही. लेकीला स्वतःच्या घरी राहायला घ्यायचं, तर परवानगी लागत नाही."

"केव्हापासून?"

"कधीच लागत नव्हती. खारींचंही तसंच. पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं आणि मग भोकाला जाळी ठोकायची, एवढाच नियम आहे. अर्ज लागत नाही."

"मग अर्ज घेतलात कसा?"

"अर्ज आला की घ्यावा लागतो. 'लागत नाही' असा शिक्का आम्हाला दिलेला नाही." त्यानं रांगेकडे पाहिलं आणि आवाज थोडा चढवला, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाईल. "इथे येतात त्यातल्या बहुतेकांना काहीच लागत नाही. जा तुम्ही घरी."

खिडकीपासून जिन्यापर्यंत सगळ्यांनी ते स्पष्ट ऐकलं होतं. कुणी हललं नाही. सावलीवाल्या बाईंनी आपली प्लास्टिकची पिशवी छातीशी घट्ट धरली. गच्चीवाल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि एक पाऊल पुढे सरकले. जिन्यावरून कुणीतरी विचारलं, हे लेखी मिळेल का? आणि त्यावर बऱ्याच माना डोलल्या. त्या रांगेत आणखी कोण कोण उभं होतं, ते नावानिशी सांगायला नको. उभं असलेल्यांना आपली जागा ठाऊक आहे. वाचता वाचता एखाद्यानं हातातला कागद लपवला असेल तर तोही दिसला.

लेकीनं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. कक्षात शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"बाबा, तुम्ही चौतीस वर्षं हेच काम केलंत. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

मामांनी नस्ती मिटली. तिची नाडी बांधायला घेतली. गाठ बसेना.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच माहीत होतं. जाळी ठोकायला तास लागला असता, आणि 'ये' म्हणायला तेवढाही नाही. पण 'ये' म्हणायच्या आधी तुला एक सांगायला हवं होतं, आणि ते मला जमेना. खारींचं काम सोपं होतं गं. त्यांच्यासाठी खिडकी होती."

मागच्या माणसानं खाकरून विचारलं, मामा, तुमचं झालं असेल तर? मामा बाजूला झाले नाहीत.

"चुकलो मी तेव्हा," ते लेकीला म्हणाले. "तू पत्रात लिहिलं होतंस, 'बाबा, तुम्ही या'. मला यायचं होतं."